बारावा दिवा

तुझा राग नेमका कशावर आहे, असं सूर्यभानला कुणी विचारलं असतं तर त्यानं चार कारणं सांगितली असती आणि त्यातलं एकही खरं नसतं. खरं कारण एवढंच होतं की जिंतूरला बन्सीधरच्या दुकानात लोक लिंबाजी गुरुजींना उठून खुर्ची देत आणि सूर्यभानला म्हणत, जरा सरकून बस.

दुकान एसटी स्टँडजवळ, मूळचं सायकलचं. बन्सीधर पंक्चर काढायचा. मेहुण्याच्या लग्नाला हैदराबादला गेला आणि येताना टीव्हीला जोडायचं एक यंत्र आणि पिशवीभर कॅसेटी घेऊन आला. तेव्हापासून पुढे पंक्चर आणि मागे पडदा टाकून व्हिडिओ गेम. मोटारीच्या आणि मारामारीच्या कॅसेटींना उसंत नसे. एका कॅसेटला मात्र कुणी हात लावत नव्हतं, कारण तिच्यात मारामारी थोडी आणि इंग्रजी फार. एक शिपाई गावोगाव हिंडतो, माणसांशी बोलतो आणि राज्यात विखुरलेले बारा दिवे गोळा करतो, अशी ती गोष्ट. माणूस भेटला की खाली चौकटीत इंग्रजी वाक्य उमटायचं. ते कळलं नाही तर शिपाई नुसता भिंतींना धडका देत फिरायचा.

सूर्यभानच्या हाताला भलतीच चपळाई. पण बी.ए. त्याचं इंग्रजीच्याच पेपरावर अडलेलं, आणि घरची कापसाची शेती असल्यानं तो पेपर सोडवायची घाईही कुणाला नव्हती. लिंबाजी त्याच्याच गावचा, त्याच्याच वयाचा. पहिलीत दोघं एका पाटावर बसलेले. लिंबाजी इंग्रजी घेऊन बी.ए. झाला, जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागला आणि जिंतुरात गुरुजी झाला. मग या दोघांची जोडी जमली. बटणं सूर्यभानच्या हातात, आणि शेजारी बसून वाचायचं, सांगायचं काम लिंबाजीचं. शाळा सुटली की लिंबाजी सायकलवर यायचा, त्याच्या आधीच सूर्यभानची मोटारसायकल दारात लागलेली असायची.

लिंबाजीचं सांगणं मोठं झकास. पडद्यावर दोन शब्द उमटले तरी त्याच्या तोंडून त्यांचं माणूस व्हायचं. लोहार काय म्हणतो, तर तलवार देतो, पण आधी माझा रुसलेला भाऊ समजूत घालून आण. मग दुसऱ्या दिवशी एसटीचा कंडक्टर गाडी लावून आत डोकावायचा आणि विचारायचा, काय गुरुजी, आला का भाऊ? अडतीवरचे हमाल, समोरचा चहावाला, सगळे ऐकायला जमू लागले. आता त्या भावाला आणायला दरीवरून उड्या मारत कोण गेलं होतं? सूर्यभान. अंगठ्याला फोड कुणाच्या आला होता? सूर्यभानच्या. पण विचारायचं ते गुरुजींना. त्या कॅसेटीला लोक गुरुजींचा गेम म्हणायला लागले, तेव्हा सूर्यभानच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबलं नाही.

दिवाळीपर्यंत अकरा दिवे झाले. बारावा राज्याच्या टोकाला, एका म्हातारीच्या झोपडीत, भिंतीतल्या दिवळीत तेवत होता. शिपाई लढून लोळागोळा होऊन तिच्या दाराशी गेला की चौकटीत एक वाक्य यायचं, म्हातारी पाणी द्यायची आणि शिपायाचा जीव पुन्हा काठोकाठ भरायचा. ते वाक्य पहिल्यांदा आलं तेव्हा लिंबाजी म्हणाला, "ये बाबा, पानी पी, म्हनायली."

सूर्यभाननं मान वळवली नाही. त्याला ते बोलणं ओळखू आलं होतं. ते त्या इंग्रजी म्हातारीचं नव्हतंच, ते लिंबाजीच्या आजीचं, सरजाबाईचं होतं. शाळेतून येताना सूर्यभान लिंबाजीबरोबर तिच्या घरी जायचा आणि तिच्या माठातलं पाणी प्यायचा. घरी कळलं असतं तर पाठीची सालटी निघाली असती, म्हणून तोंड पुसून घरी जायचा. मग अठ्ठ्याहत्तर साल आलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव आग लागली तशी यांच्याही गावात खालच्या वस्तीला लागली. सूर्यभाननं ती घराच्या माळवदावरून पाहिली. सरजाबाईचं घर कुठलं हे त्याला धुरातही कळत होतं. त्याचे काका, भगवानराव, घरी आले आणि बराच वेळ हात धूत बसले. लिंबाजीची माणसं उरलंसुरलं उचलून जिंतूरला आली आणि परत गेली नाहीत. आजी जिंतुरातच वारली. या गोष्टीवर दोघं मित्र आजवर एक शब्द बोललेले नव्हते.

बारावा दिवा कसा मिळेल हे गेममधल्या एका फकिरानं सांगितलं. म्हातारी जिवंतपणी दिवा देणार नाही, विहिरीवर मशाल ठेवली आहे, ती घे आणि झोपडी पेटव. लिंबाजीनं हे वाचून दाखवलं आणि खुर्चीत मागे टेकला. झालं म्हणाला, इथंच थांबू.

"एकच राह्यलाय," सूर्यभान म्हणाला.

"ऱ्हाऊ दे."

"गेम हाय त्यो, लिंबाजी. चित्र हाय नुसतं."

"मग चित्र ऱ्हाऊ दे की तसंच. तुला कामून जाळायचंय?"

लिंबाजी का अडवतोय हे सूर्यभानला ठाऊक होतं आणि ठाऊक असूनही त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. समोर चहावाला, कंडक्टर, दोन हमाल उभे होते, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुजी बरोबर बोलले. तिच्या हातचं पाणी प्यायचं आणि तिचंच घर जाळायचं म्हणजे काय? त्या दिवसापासून एक नवाच प्रकार सुरू झाला. लोक म्हातारीला बघायला यायला लागले. सूर्यभाननं शिपायाला झोपडीपाशी न्यायचं, लिंबाजीनं वाक्य म्हणायचं, म्हातारीनं पाणी द्यायचं, आणि लोक समाधानानं चहाला जायचे. गुरुजींनी म्हातारी राखली, असं अख्ख्या स्टँडवर झालं. आता राखायला ‘राहू दे’ म्हणण्याखेरीज गुरुजींनी केलं काय होतं, असा प्रश्न सूर्यभानला रोज पडायचा. विचारणार कुणाला?

त्यात बन्सीधरचा फळा. जो कुणी एखादी कॅसेट पुरी करेल त्याचं नाव बन्सीधर दुकानाबाहेरच्या पत्र्यावर रंगानं लिहायचा. मोटारीच्या कॅसेटीपुढे नाव होतं, मारामारीच्या कॅसेटीपुढे होतं. या कॅसेटीपुढची जागा कोरी. अकरा म्हणजे बारासारखेच, असं म्हणून बन्सीधर एकदा ब्रश घेऊन बसलासुद्धा. काय लिहू, तर ‘लिंबाजी गुरुजी व सूर्यभान’. ते ‘व सूर्यभान’ ऐकून सूर्यभानचा चेहरा असा झाला की बन्सीधरनं ब्रश खाली ठेवला. लिंबाजीनंच हात जोडले, पुरा झाला नाही तर लिहू नका म्हणाला. नको म्हणण्यातही शोभा त्यालाच आली.

संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला, नवं नाव मिळालं. लिंबाजी पेढे घेऊन दुकानात आला. पहिला पेढा त्यानं सूर्यभानच्या हातावर ठेवला आणि सांगितलं की आम्ही सगळे औरंगाबादला निघालोय, नाव बघून येतो. त्याचे डोळे भरलेले होते. सूर्यभाननं पेढा खाल्ला, अभिनंदन म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं. घरी गेला तर काका भिंतीकडे तोंड करून पडलेले. सूर्यभानला काकांचाही राग आला आणि लिंबाजीचाही. पण काकांवरच्या रागाचं त्याला काही करता येत नव्हतं, म्हणून तो रागही लिंबाजीकडेच वळला. ह्याचं सगळं पुरं होतं, त्याच्या मनात आलं. बी.ए. पुरं, नोकरी पुरी, आता नावसुद्धा पुरं. आणि माझ्या हातात एक गेम होता, तोही ह्यानं अकरावर अडवून ठेवला.

विचार किती कोता होता हे तो विचार करतानाच त्याला कळत होतं. हेव्याचं हेच वाईट. तो कळत असतो आणि तरी जेवण गोड लागू देत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात गेला. कॅसेट लाव म्हणाला. बन्सीधर पंक्चर काढत होता. गुरुजींना येऊ द्या की, म्हणाला. त्यांच्यावाचून काय अडलंय, असं सूर्यभाननं विचारल्यावर त्यानं मुकाट्यानं लावून दिली.

विहीर, मशाल, वाट, झोपडी. सगळं पाठ होतं. दाराशी गेल्यावर चौकटीत काहीतरी इंग्रजी उमटलं. वाचायला कुणी नव्हतं. सूर्यभाननं बटण दाबून ते घालवलं आणि पुन्हा दाबलं. लाल चौकोन छपरावर चढत गेले, मग झोपडी काळी झाली आणि काळ्यात दिवा तेवढा राहिला. तो उचलताच वाजंत्री वाजली, किल्ल्यावर झेंडे लागले, पडद्यावर फुलं पडली. बारा. कॅसेटीत खेळ जपून ठेवायला एकच जागा होती. अकरा दिव्यांचा तो खेळ पुसून तिथं हा बसला. त्या म्हातारीचं घर आता कुठंच उरलं नाही, हे सूर्यभानच्या फार उशिरा ध्यानात आलं.

बन्सीधरनं वचनाप्रमाणे नाव लिहिलं. एकट्याचं, मोठ्या अक्षरात, ‘व’ नसलेलं. कंडक्टरनं येऊन वाचलं, बरं झालं म्हणाला आणि आत न येताच गेला. चहावाल्यानं झोपडीच्या जागी टीव्हीवर उरलेला काळा डाग पाहिला आणि कपबश्या उचलल्या. पत्र्याखाली उभं राहून सूर्यभाननं आपलं नाव पुन्हा पुन्हा वाचलं. वाचणारा तो एकटाच होता.

औरंगाबादहून परतल्यावर लिंबाजी शाळा सुटताच आला. पत्र्याकडे बघून त्यानं सायकल लावली, आत आला, आपल्या खुर्चीत बसला. सूर्यभाननं सगळी उत्तरं तयार ठेवली होती. गेम हाय, चित्र हाय, हात माझे हायत. लिंबाजीनं त्यातलं काहीच विचारलं नाही. त्यानं काळ्या डागाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मशाल घिऊन गेलास तवा म्हातारी काय म्हनली?"

"वाचलं न्हाई मी. बटण दाबलं."

"मला म्हाईत हाय."

"तुला कसं म्हाईत?"

"मी गेलतो. दिवाळीच्या सुट्टीत, तू गावाकडनं आला नव्हतास तवा. मला बी वाटलं, एकच राह्यलाय, करून टाकावं. येत न्हाई मला तसं खेळता, पन दारापस्तोर गेलो, हातात मशाल घिऊन." लिंबाजीनं टीव्हीकडं बोट केलं. "मशाल दिसत असून बी ती तेच म्हनली. ये बाबा, पानी पी. मंग मी मशाल परत इहिरीवर नेऊन ठिवली."

आजीचं नाव लिंबाजीनं घेतलं नाही, काकांचंही नाही. घेतलं असतं तर भांडता तरी आलं असतं. तो उठला, बन्सीधरला येतो म्हणाला आणि सायकल काढून गेला. त्यानंतर तो मागच्या खोलीत परत कधी आला नाही. रस्त्यात भेटला की थांबायचा, शेतीचं विचारायचा, पण खुर्ची रिकामीच राहिली.

सूर्यभाननं बन्सीधरला नाव पुसायला सांगितलं. घासलेटाच्या बोळ्यानं घासून पाहिलं तर अक्षरं पसरली, गेली नाहीत. मग एका दुपारी त्यानं तो बारा दिव्यांचा खेळ स्वतःच पुसला आणि पहिल्यापासून सुरू केला. वाचायला कुणी नव्हतं. लोहार काहीबाही म्हणाला, नावाडी काहीबाही म्हणाला, सूर्यभान भिंतींना धडका देत, मार खात पुढे सरकत राहिला. एकही दिवा न घेता, अर्धमेला होऊन तो राज्याच्या टोकाला पोचला. झोपडी जागेवर होती. दिवळीत दिवा होता. म्हातारी दारात आली आणि चौकटीत वाक्य उमटलं.

ते एकच इंग्रजी वाक्य त्याला आता येत होतं. बटण न दाबता तो ते बराच वेळ बघत राहिला. विहिरीवर मशाल होती, पण ती घ्यावी असं आता वाटत नव्हतं, आणि वाटत नव्हतं यात त्याची काही बढाई नव्हती. जाळून बघितल्यावर कुणालाही वाटत नाही. लिंबाजी न जाळताच फिरला होता. इतके महिने सूर्यभान त्याच्या नोकरीवर जळला, इंग्रजीवर जळला, खुर्चीवर जळला. आज पहिल्यांदाच त्याला लिंबाजीचा खरा हेवा वाटला, तो त्या दारातून मागं फिरण्याचा. तेवढं काही त्याला आता कितीही खेळून मिळणार नव्हतं.

बन्सीधरनं आत डोकावून विचारलं की पुढं का जात नाही. जातो म्हणाला सूर्यभान, आधी पाणी पितो.