गॅसच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

कुवेतमध्ये एगैलाच्या मॉलबाहेर मालकिणीची वाट बघताना ड्रायव्हर जाफर दर शुक्रवारी कोकणात लेकीला फोन लावायचा आणि तोंडाचा पट्टा सोडायचा.

"मेहविश, गॅस किटची गाडी आहे ती! स्पोर्ट मोडवर गॅस पाण्यासारखा जातो. इकोवर चालव!"

"इकोवर गाडी घाटात रडते, अब्बा. दादीला धाप लागली की हॉस्पिटल गाठायचं कसं?"

आज मात्र ती म्हणाली, "टाकी अजून अर्धी आहे. आता इकोवरच चालवते."

"आली एकदाची अक्कल!" जाफर खूश झाला.

मग मेहविश म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, दादीला आता आणू नका, घरीच ठेवा. मग घाई कसली, अब्बा?"

मालकीण येऊन मागे बसली. "यल्ला, यल्ला!"

तिला घाई होती.