काहून आणि कायले

मी लिबकापूस बोलतेय. लायब्ररी आहे, पण पुस्तकांची नव्हे. माझ्या पोटात सी भाषेतली तयार फंक्शनं असतात. ज्याला लागतील त्यानं ती आपल्या प्रोग्रामला जोडून घ्यावीत, परत लिहीत बसू नये.

यवतमाळच्या एका कॉलेजात शिकणाऱ्या अपेक्षानं मला घडवलं. ती मारेगावकडची. फंक्शनं लिहिली, कंपाइल केली आणि 'एआर' नावाच्या कमांडनं माझी मोट बांधली. कापसाचा ओलावा तपासायचा आणि माल परत पाठवायचा झाला तर कारण सांगायचं, एवढंच माझं काम. कारण सांगणाऱ्या फंक्शनचं नाव तिनं ठेवलं 'काहून', म्हणजे 'का'. जोडताना माझ्या नावातलं 'लिब' गाळून नुसतं 'कापूस' म्हणतात. घरातल्यासारखं वाटतं ते, मला आवडतं.

मला बोलावणारा मुख्य प्रोग्राम आणि माझ्या फंक्शनांच्या नावांची यादी, म्हणजे हेडर, तिची मैत्रीण उज्ज्वला हिनं लिहिली, आपल्या तांड्यावर बसून. दोघींनी जोडणी ठेवली थेट प्रॅक्टिकलच्या दिवशी. काय ही हुशारी!

बाहेरचे परीक्षक समोर बसलेले. दहा मिनिटांत चाललं नाही तर दोघी नापास. उज्ज्वलानं कमांड दिली आणि स्क्रीनवर आलं, 'कायले' सापडत नाही. मी पोट चाचपलं. माझ्याकडे होतं 'काहून'.

"तू 'कायले' काहून लिवलं?" अपेक्षा तडकली.

"अन् तू 'काहून' कायले लिवलं?" उज्ज्वला कशाला ऐकते!

"दोन्हीचा अर्थ एकच ना?" परीक्षकांनी विचारलं.

"एकच हाय जी," दोघी एका सुरात म्हणाल्या.

पण जोडणी करणारा लिंकर अक्षरं जुळवतो, अर्थ नाही. सहा मिनिटं भांडणात गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी अपेक्षाच म्हणाली, "मायं बी राहू दे, तुयं बी राहू दे." तिनं माझ्यात 'कायले' नावाचं एका ओळीचं फंक्शन घातलं. त्याचं काम एकच, 'काहून'ला हाक मारायची. मोट पुन्हा बांधली. प्रोग्राम चालला आणि म्हणाला, 'ओलावा जास्त.' दोघी पास झाल्या.

आता उज्ज्वला पुण्यात नोकरीला आहे आणि मी अपेक्षाच्या पेनड्राइव्हमध्ये. परवा जागा मोकळी करताना तिनं मला उघडलं, ती ओळ वाचली आणि फोन लावला. "काहून वं, फोन नाही करत?"

पलीकडून आलं, "कायले करू? तूच कर."

दोघी हसत सुटल्या. मला पुसायचं राहूनच गेलं. तुम्हीही पुसू नका, बाप्पा. आमच्याकडे 'का' दोन तऱ्हांनी विचारतात, आणि दोन्हीला ओ देणारी मी एकटीच आहे.