मेंढरासोबत मौन

बद्रीनाथला दोन दिवस शांत राहायचं होतं. काम एवढंच, पण तेच त्याला जड जात होतं. दणदणत्या मशीनसमोर आठ तास उभं राहा म्हटलं तर तो हसत राहिला असता. आंब्याखाली मांडी घालून डोळे मिटा म्हटल्यावर मात्र जीव नकोसा झाला. पहिल्या अर्ध्या तासात त्याने चारदा पाय बदलले, दोनदा घड्याळ नसलेलं मनगट पाहिलं. सदऱ्यात मुंगळा शिरला तेव्हा तर तो जवळजवळ उठलाच होता. पण दातओठ खाऊन बसून राहिला.

त्याला कारण होतं. वाळूजच्या त्यांच्या कारखान्यात शिफ्ट-इन्चार्जची जागा निघाली होती. बद्रीनाथ सोळा वर्षांचा जुना सुपरवायझर, कामात वाघ, पण डोकं तापट. याआधी दोनदा ही जागा त्याच्या हातातोंडाशी येऊन गेली, ती तोंडामुळेच. गेल्या महिन्यात एका बिघडलेल्या मशीनवरून वाद झाला तेव्हा याने डोक्यावरचं हेल्मेट काढून मॅनेजरच्या टेबलावर आपटलं. मॅनेजर तेव्हा गप्प बसला. आता कंपनीने बारा सुपरवायझरांना गंगापूर रस्त्यावरच्या एका शेतावर मनःस्वास्थ्य शिबिराला धाडलं, तेव्हा त्याने बद्रीनाथला केबिनमध्ये बोलावलं.

"नावं दोनच आहेत, तुझं आणि सांडूचं. शिबिराच्या मॅडम मला अहवाल देणार आहेत. दोन दिवस तोंडाला कुलूप लावून दाखव, जागा तुझी."

गारखेड्याच्या घरी बायकोने, सरूबाईने, पिशवी भरताना हात जोडले होते. "दोन दिस मुक्याचं सोंग घ्या. पाया पडते तुमच्या."

हा सांडू म्हणजे थंड डोक्याचा माणूस. गंगापूर तालुक्यातलं बागायतदार घराणं, घरचा ऊस, घरची ज्वारी, आणि नोकरी वर. शेजारी आग लागली तरी हातातला चहा संपवून उठेल असा. आंब्याखाली तो असा काही निवांत बसला होता की बघून बद्रीनाथच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. उरलेले दहा जण शहरात वाढलेले. त्यांची आणि ज्वारीची ओळख भाकरीपुरती.

पहिला दिवस कसाबसा निभावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी नवा खेळ काढला.

शेताच्या मालकाच्या, नानासाहेबांच्या रानात मुंजाबा नावाच्या म्हाताऱ्या धनगराची मेंढरं खतासाठी बसवलेली होती. मॅडमनी त्यातल्या बारा मेंढ्या मागून घेतल्या. प्रत्येकाच्या हाती एकेका मेंढीचा दोर द्यायचा, आणि तिच्या चालीने तासभर चालायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. मेंढी नेईल तिकडे जायचं.

"मॅडम," मुंजाबा डोकं खाजवत म्हणाला, "मेंढरू एकलं चालत नसतंय. दोरानं तर नायच नाय."

"तोच तर सराव आहे, बाबा," मॅडम गोड हसल्या. "कळपातून बाहेर पडल्यावरच स्वतःची भेट होते."

मेंढीला स्वतःची भेट कशाला हवी होती, देव जाणे. पण ज्याच्या रानात वाडा टाकलाय त्याला नाही कसं म्हणायचं? मुंजाबाने गरीब स्वभावाच्या बारा मेंढ्या निवडून दिल्या आणि एवढंच म्हणाला, "पाटाच्या कडंकडंनं जा. बांधापल्याड नका नेऊ." का ते सांगायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात नानासाहेब मध्येच म्हणाले, "व्हय व्हय, कळलं, तू जा आता. जास्तीचं बोलणं नको, त्यांचं मौन चालू झालंय." मुंजाबा बाकीचा कळप घेऊन दुसऱ्या अंगाला निघून गेला.

कळप लांब जाताना पाहून बाराच्या बारा मेंढ्यांनी एकच ओरड मांडली. स्टोअरवाला बन्सी दोराला लोंबकळत गोल फिरू लागला. कोणाची मेंढी बसली ती उठेना. बद्रीनाथला लाज वाटली. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत तो बापासोबत दोनशे मेंढरांमागे हिंडला होता, आणि आज एका मेंढीला दोर बांधून फिरवत होता. बाप पाहता तर काठी घेऊन धावला असता. त्याने मेंढीच्या हनुवटीखाली हात घातला, तशी ती ओरडायची थांबली आणि त्याच्या मांडीला लागून चालू लागली. मॅडमनी ते पाहिलं आणि वहीत काहीतरी टिपलं. बद्रीनाथला आतून बरं वाटलं.

मॅडम सगळ्यांत पुढे चालत होत्या. पाटाच्या कडेने थोडं गेल्यावर त्यांना बांधापलीकडे हिरवं दिसलं. फाल्गुनातल्या उजाड रानात तेवढाच एक हिरवा तुकडा. मुंजाबाचं सांगणं विसरून त्यांनी हसून तिकडे हात केला आणि बांध चढल्या. मागोमाग सगळे.

बांधावर आल्या आल्या बद्रीनाथचा पाय जागीच थांबला. समोर कापलेली ज्वारी होती. बुडख्यांना वीतभर फुटवे आलेले, आणि पाण्यावाचून त्यांनी माना टाकलेल्या. असला फुटवा म्हणजे जहर. मेंढरू ते हावऱ्यासारखं खातं आणि घटकाभरात फेस गाळून पडतं. किराळ लागणं म्हणतात याला. धनगराचं पोर चालायच्या आधी हे शिकतं.

आणि शेतकऱ्याचंही. बद्रीनाथने मान वळवली. सांडूही बांधावर थांबलेला होता. सांडूने दोर मुठीला दोन वेढे देऊन आखूड केला आणि आपल्या मेंढीचं तोंड वर ओढून धरलं. बद्रीनाथने नेमकं तेच केलं. मग दोघांची नजर भेटली.

जो आधी तोंड उघडेल त्याचं मौन मोडणार होतं, आणि जागा दुसऱ्याला जाणार होती. तू बोल, सांडूची नजर म्हणत होती. तू बोल की, बद्रीनाथची नजर म्हणाली. तुझी खाती-पिती घरची शेती आहे, तुला ही जागा नाही मिळाली तर काय बिघडतंय?

बाकी दहा जण खाली उतरले. मेंढ्यांनी ओरडणं बंद करून माना खाली घातल्या. एवढी शांतता झालेली पाहून मॅडम खूश झाल्या, डोळे मिटून उभ्या राहिल्या. बन्सीची मेंढी बुडख्यामागून बुडखा खात चालली होती आणि बन्सी तिच्या पाठीवरून मायेने हात फिरवत होता.

बद्रीनाथ मोठ्याने खाकरला. मॅडमनी डोळे उघडले, ओठांवर बोट ठेवलं, आणि वही उघडून काहीतरी लिहिलं. ते लिहिणं पाहून त्याने पुढचा शब्द गिळला. मेलं कुलूप! पायांची चुळबुळ सुरू झाली. एखाद-दुसऱ्या घासाने काही होत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. सांडू बोलेल. त्याला बोलावंच लागेल. मॅडम आता परत फिरतील. कधीकाळी ऐकलेलं सगळं खरंच असतं असं नाही. सांडू दगडासारखा उभा होता, पण त्याचीही मूठ दोरावर पांढरी पडली होती.

असा किती वेळ गेला? एक विडी ओढून व्हावी एवढा तरी गेलाच.

मग बन्सीच्या मेंढीने मान झटकली, चार पावलं झोकांड्या खाल्ल्या आणि ती कुशीवर कोसळली. तोंडाला फेस.

"वढा! वढा समदी भाईर!" बद्रीनाथ ओरडला. "किराळ लागलंय, आरं वढा की!" आणि पाठोपाठ त्याच्या तोंडून बापाची हाळी निघाली, तीस वर्षांत न काढलेली. ती ऐकताच मेंढ्यांनी माना वर केल्या आणि माणसांना फरफटत बांधाकडे धाव घेतली.

त्यानंतर नुसती धावपळ. शिबिरासाठी जमा केलेले फोन पत्र्याच्या पेटीत, पेटीची किल्ली नानासाहेबांच्या खिशात, आणि नानासाहेब तिकडे गोठ्यावर. बद्रीनाथने स्वयंपाकघरातून गूळ आणला, ताक आणलं, बाटलीने पाजलं. आणखी दोन मेंढ्या पडल्या होत्या, त्या तासाभराने उठून बसल्या. गंगापूरहून मोटारसायकलवर जनावरांचे डॉक्टर आले तोवर बन्सीची मेंढी संपली होती. बन्सी तिच्याजवळ बसून रडत होता.

मॅडमचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी सगळ्यांना आंब्याखाली गोळा केलं. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "पण आज बद्रीनाथनी आपल्याला शिकवलं. कधी गप्प राहायचं आणि कधी बोलायचं, हे ज्याला कळतं तोच खरा शांत माणूस. मी अहवालात हेच लिहिणार आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सांडूनेही वाजवल्या, थोड्या उशिराने.

म्हणजे जागा मिळाली. बद्रीनाथला ते कळलं, आणि तरी बूड टेकवेना. तो उभाच राहिला.

हाळी ऐकून मुंजाबा धापा टाकत केव्हाच आला होता आणि पडलेल्या मेंढ्यांपाशी बसून होता. त्याने बद्रीनाथचे दोन्ही हात धरले. "बरं झालं बाबा, तू व्हतास. आपल्यातलं मानूस व्हतं म्हून एवढी तरी वाचली." मग तो आपल्या मेंढ्या बघू लागला. एकेकीचं तोंड उघडून अंगठ्याने ओठ वर करायचा, हिरडी बघायचा, हिरवा लगदा बोटाने काढून टाकायचा. नऊ मेंढ्यांची तोंडं हिरवी होती. दहाव्या मेंढीपाशी तो थांबला. तिचं तोंड कोरडं होतं. अकरावीचंही कोरडं.

"ह्या दोन कुनाकडं व्हत्या?"

शहरातल्या लोकांना त्या प्रश्नात काही वाटलं नाही. बन्सीने भाबडेपणाने सांगून टाकलं, "एक सांडूभाऊंकडे, एक बद्रीभाऊंकडे."

मुंजाबाने बद्रीनाथकडे पाहिलं. "ठावं व्हतं तुला?"

नाही म्हटलं असतं तर कोणी पुढे विचारलं नसतं. मॅडमच्या हातात वही होती. सांडूने मान खाली घातली.

"व्हय," बद्रीनाथ म्हणाला.

"कवापासून?"

"बांध चढलो तवापासून."

"मंग?"

त्याने सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं, जागा, अहवाल, कुलूप, सगळं. "तीस मानसं हाताखाली येनार व्हती, मामा. त्यांच्यावर ध्यान ठिवायचं काम हाय."

मुंजाबाने निपचित पडलेल्या मेंढीकडे एकवार बघितलं. "तीस," तो म्हणाला. रागावला नाही, ओरडला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

तो खाली वाकून एकेकीच्या गळ्यातला दोर सोडू लागला. मोकळ्या झालेल्या मेंढ्या त्याच्या मागे गोळा झाल्या. बद्रीनाथची मेंढी तेवढी त्याच्या मांडीला लागून उभी होती, हलेना. मुंजाबाने तिला पाठीवर थोपटलं आणि हळूच बाजूला ओढलं.

"चल बये," तो तिला म्हणाला, "हितं नगं."