बाजूला काढलेलं विरजण

सून प्रयोगशाळेतून आली ती काचेची एक बाटली तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून. बाटलीत जिवाणू होते. टाकून दिलेल्या फोनांमधलं तांबं भट्टी न पेटवता विरघळवून मोकळं करणारे. कित्येक वर्षं खपून तिने ते वाढवले होते. प्रयोगशाळेत वायरिंगचं काम निघाल्याने वीज बंद होती, आणि राखीव साठा मागेच फ्रीझर बिघडला तेव्हा गेला होता. म्हणजे जे काय उरलं होतं ते एवढंच. आणि तिला तर आठवडाभर परगावी जायचं होतं, याच जिवाणूंवर भाषण द्यायला.

"आई, अधूनमधून हलवायची. बाकी काही करायचं नाही."

"खातात काय बिचारे?" सासूबाईंनी विचारलं.

"लोखंडाचे क्षार."

"आणि प्यायला?"

"आम्ल."

"अगं, एवढा सासुरवास मी तुलासुद्धा केला नाही."

सून गेली. सासूबाईंनी देवाचं नाव घेत बाटली हलवली. मग हाताच्या सवयीने त्यातलं थोडं तांब्याच्या चमच्याने बरणीत काढून ठेवलं. त्यांच्या घरात विरजण सगळं वापरून टाकायची पद्धत नव्हती. चमचा आतच राहिला. बरणी डब्यांच्या मागे गेली, ती त्यांच्या मनातूनही गेली.

दोन दिवसांनी त्यांना राहवेना. बाटलीत त्यांनी साखर घातली.

परत आल्यावर सुनेने बाटलीत ताजं खाद्य घातलं आणि वाट पाहिली. जिवाणू जिवंत असले की पाणी विटकरी होतं. दुसऱ्या दिवशीही ते फिकट हिरवंच होतं.

"आई, यात काही घातलंत?"

"साखर. जरा जीव येईल म्हटलं."

"साखरेनं मरतात ते."

"साखरेनं? मला मधुमेह आहे, तरी मी नाही मेले."

सून हसली नाही. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि बसूनच राहिली. सासूबाई चहा टाकायला उठल्या. चहाचा डबा ओढला, तर मागे बरणी.

"अगंबाई, माझा चमचा!"

चमच्याचा दांडा शाबूत होता. खालची वाटी कडेने पार कुरतडली गेली होती आणि विरघळलेल्या तांब्याने पाणी निळसर झालं होतं.

सून उठली. बरणीतले चार थेंब ताज्या खाद्यात टाकून ती त्यासमोर बसली. चहा गार झाला. दुसऱ्या दिवशी पाणी विटकरी झालं.

"जगले," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"जगले ना? मग रडतेस कशाला? चमचा माझ्या आईचा होता, रडायचं तर मी."

"तांबं कुठं गेलं नाही, आई. पाण्यातच आहे. काढून देते."

प्रयोगशाळेत वीज आल्यावर तिने खरंच ते काढलं. नखाएवढा तांब्याचा पातळ पापुद्रा तिने सासूबाईंच्या तळहातावर ठेवला.

सासूबाईंनी तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला.

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "आता दांड्याला जोडून दे."