स्नायूंची ताकद आणि आशाबाईंची साखर

विश्वजीतनं मला न विचारता माझा फोटो त्याच्या थेंबांच्या बाटलीवर छापला, ते एक वेळ सोडलं असतं. पण फोटोखाली त्यानं लिहिलं होतं, ‘शरीरातला गांजा वाढवा, स्नायू बळकट करा, साखर पळवा! डॉ. हिमानी यांचं संशोधन.’ मी अजून डॉक्टर झालेली नव्हते, आणि माझं संशोधन नेमकं याच्या उलट होतं.

अक्कल मीही पाजळलीच होती. एका वर्तमानपत्राला मुलाखत देताना मी ऐटीत सांगितलं, की गांजात असतात तशी रसायनं आपलं शरीर स्वतःच बनवतं आणि ती स्नायूंवरही काम करतात. ती फार झाली, की स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत, रक्तातली साखर उचलत नाहीत. ज्या उंदरांच्या स्नायूंत त्यांचा परिणाम बंद केला, ते जास्त वेळ पळाले. वार्ताहरानं गांजा ठेवला आणि बाकीचं जागा नाही म्हणून कापलं.

हर्सूलमध्ये जिम चालवणाऱ्या विश्वजीतला तेवढं पुरलं. त्याच्या थेंबांत नुसतं भांगेच्या बियांचं तेल होतं, म्हणजे गांजातली ती रसायनं जवळपास नाहीतच. फसवणुकीतही भेसळ!

मला हे सगळं कळलं ते आशाबाईंमुळं. त्या आमच्या प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे धुतात; त्यांना मधुमेह आहे. एका सकाळी त्या पिंजऱ्यांपाशीच मटकन खाली बसल्या. तोंड कोरडं पडलेलं, डोळ्यांपुढं अंधारी.

“मावशी, साखरेची गोळी घेतली का?”

“बंद केली की पंधरा दिवसांपास्नं.” त्यांनी पिशवीतून बाटली काढली. “हे घेते. तुमचाच फोटू हाय. तुमी काय खोटं सांगणार व्हय?”

दवाखान्यात साखर चारशे बारा निघाली. पाच दिवस त्यांना ठेवून घेतलं. त्यांच्या उशाशी बसले असताना मला माझी ती मुलाखत आठवत होती आणि मान वर होत नव्हती.

मी विश्वजीतकडं गेले, त्यानं सगळं उलटंच छापलंय हे सांगितलं. आरशापुढं दंड फुगवून तो म्हणाला, “मॅडम, सुलटं काय न् उलटं काय, ताकद आली म्हंजे झालं. रविवारी इथंच थेंबांचा कार्यक्रम हाय, या, तुमचा सत्कार करतो.”

मी गेले. शाल नाकारली आणि माइक घेतला. स्नायू, इन्सुलिन, उंदीर, सगळं नीट समजावलं. पन्नास-साठ माणसं तोंडाचा आ करून ऐकत होती. शेवटी एका पैलवानानं हात वर केला.

“मॅडम, ते उंदीर दिवसाला किती थेंब घेत होते?”

असल्या डोक्यांपुढं आणखी काय बोलायचं? मी माइक ठेवला.

तेवढ्यात मागून आशाबाई पुढं आल्या. आदल्याच दिवशी त्या दवाखान्यातून घरी आल्या होत्या. हातात दवाखान्याचा कागद.

“ह्ये बघा, चारशे बारा. थेंब घेऊन झाली. चक्कर येऊन पडले मी. आता ज्याला घ्यायचं त्यानं घ्या!”

त्यांच्या गल्लीतल्या बायका आधी उठल्या. एकीनं आपली बाटली विश्वजीतच्या टेबलावर आपटली, “आमच्या म्हाताऱ्याला बी हेच पाजत व्हते की रं!” मग दुसरी उठली, तिसरी उठली. माझ्या पाच वर्षांच्या कामाला जे जमलं नाही, ते एका आकड्यानं केलं. पैलवान मात्र बाटली कुरवाळत बसून राहिला.

सोमवारी मी औषध प्रशासनाकडं लेखी तक्रार दिली. आठवड्याभरात माल जप्त झाला.

आशाबाई आता माझ्यासमोरच गोळी घेतात. परवा मी म्हटलं, “मावशी, माझा फोटो बघून परत काही घेऊ नका हं.”

पाण्याचा घोट गिळून त्या म्हणाल्या, “तुमच्या फोटूवरचा इस्वास तवाच उडाला. आता मी कागद बघते.”