निळे ठिपके

“काका, तुमची गाणी हल्ली मध्येच दम का खातात हो?” मॅनेजरबाईंनी लॅपटॉपवरचं गाणं थांबवून विचारलं. वयाने त्या काकांच्या लेकीएवढ्या. “कराओके हॉलवाल्यांच्या तक्रारी आल्यात. माणूस माईक धरून उभा, आणि संगीत आपलं नुसतं घुटमळतंय.”

ठिपकेकाकांनी लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं. हे नाव त्यांना ऑफिसनेच दिलेलं. गाजलेल्या गाण्यांचं संगीत कॉम्प्युटरवर नव्याने बांधायचं, पडद्यावर शब्द चढवायचे आणि हौशी गायकाने जिथे श्वास घ्यायचा तिथे निळा ठिपका द्यायचा, हे त्यांचं एकवीस वर्षांचं काम. ओळीमागे एक ठिपका. एक ठिपका म्हणजे एक मात्रा थांबायचं.

“इथे दोन, इथे तीन, आणि शेवटच्या गाण्यात तर चक्क चार! तुमच्या रजेआधीची बारा गाणी आहेत. संध्याकाळपर्यंत सगळी एका ठिपक्यावर आणा. जमेल ना? की अजून थोडे दिवस घरी...”

“जमेल की. त्यात काय एवढं,” काका म्हणाले आणि जागेवर येऊन बसले.

बायको जाऊन तीन आठवडे झाले होते. त्यांना अजून रडू आलं नव्हतं. बरं, दुःख गिळून बसलेत म्हणावं तर तसंही नाही. आत काही हलतच नव्हतं. चहा गरम होता की गार, हे कप संपल्यावर आठवून बघावं लागे.

प्रत्येक गाण्याची परीक्षा घरी व्हायची. बायकोचा गळा म्हणजे आनंदीआनंद, पण तिला जमलं की कुणालाही जमणार, असं काकांचं गणित. तिचं अर्धं लक्ष मात्र शब्दांवर. गाण्यात काळजाचे हजार तुकडे झाले की ती थांबायचीच.

“हजार? मोजले कुणी हो? रिकामटेकडाच दिसतोय.”

“अगं, कवींची बोलायची रीत असते ती.”

“असेल. पण केर कुणी काढायचा?”

गेल्या वर्षभरात तिची फुप्फुसं थकत गेली. ओळ संपली की ती हाताने खूण करायची, थांबा जरा. काकांनी गुपचूप दुसरा ठिपका दिला. काही महिन्यांनी तिसरा. तिला पत्ताच नाही. “बघा, अजून पुरतोय मला दम!” असं म्हणून ती मिरवायची, आणि काका “वा!” म्हणायचे. घरची फाईल वेगळी ठेवावी आणि ऑफिसची वेगळी, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. जशी होती तशी दिली.

हात सराईत होता. ठिपका पुसायचा, संगीत मागे ओढायचं, पुढची ओळ. चारच्या आत अकरा गाणी झाली. काकांना काही वाटलं नाही.

बारावं उघडलं. ‘श्वास माझा तुझ्या हवाली, नेशील तिकडे येईन.’ पुढे चार ठिपके.

या गाण्याच्या परीक्षेला ती पलंगावर पाठीशी दोन उशा घेऊन बसली होती. ओळ वाचून हसली. “हवाली करतोय ना? मग द्या म्हणावं इकडे लवकर. मला लागतोय.” काकाही हसले होते. मग चारही ठिपके घेऊन तिने पुढची ओळ म्हटली. बेसूर, पण पुरी म्हटली. तिचं म्हणणं तिथेच संपलं.

बाईंना सांगितलं असतं तर हे एक गाणं त्यांनी नक्की सोडलं असतं. काका उठून त्यांच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. पण काय सांगायचं, कुठून सुरू करायचं, काही जुळेना. ते परत आले आणि त्यांनी तीन ठिपके पुसले.

“झालं का काका?” पाचला बाई स्वतःच आल्या.

“एकदा म्हणून बघतो.”

काकांनी हेडफोन चढवला आणि पहिली ओळ पुटपुटली. निळा ठिपका लुकलुकून गेला. शब्द पुढे सरकले. काका ओठ मिटून थांबले होते. दोन, तीन, चार. मग पुढची ओळ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तर ती पडद्यावरून निघून गेली होती.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“आता बरोबर आहे,” ते बाईंना म्हणाले.