चार पाय, एका मापाचे

पुनममॅडमनी स्टूल फरशीवर ठेवलं आणि चारी कोपरे दाबून पाहिले. जराही हललं नाही. इथेच त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

फैजपूरच्या विशेष मुलांच्या शाळेत त्या हस्तव्यवसाय शिकवत. घरातल्या कुणाची तरी अडचण हेरायची आणि तिच्यावर तोडगा म्हणून वस्तू बनवायची, असं काम त्यांनी दिवाळीआधी दिलं होतं. चौदा वर्षांच्या अलफियाने दादीसाठी स्टूल ठरवलं, कारण खाटेवर बसलं की दादीचे पाय जमिनीला टेकत नसत. वरची फळी शाळेत झाली. सुट्टीत ती फळी घेऊन घरी गेली आणि परत आली ती तिला चार पाय लावून. पाय तरी कसे, अगदी एका मापाचे! दोन वर्षं डोकेफोड करूनही जिला पट्टीवरचे आकडे कळले नाहीत, तिने हे कापले? छे. बाप सुतार आहे, दुसरं काय.

‘वस्तू विद्यार्थिनीने स्वतः बनवली’ या ओळीखाली आज सही झाली, तरच पोरीला जळगावच्या सुतारकामाच्या वर्गात जागा मिळणार होती. पण खोटी सही मॅडम करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी अलफियाच्या वडिलांना बोलावून घेतलं.

“जब्बारभाई, खरं सांगा. पाय तुम्हीच कापले ना?”

जब्बारभाईंनी स्टूल उलटं करून सांध्यावर अंगठा फिरवला. कपाळाला आठी पडली.

“मी सुट्टीभर सावद्याला कामावर मुक्कामी होतो, मॅडम. मला वाटलं, तुम्हीच करून दिलं. शाळेत सर-मॅडम करतात अन् नाव पोरांचं लावतात, आम्हाला काय माहीत नाही का?”

“मी फक्त फळी पाहिली होती,” मॅडम तुटकपणे म्हणाल्या.

दोघांनाही समोरचा खोटारडा वाटत होता. शेवटी मॅडमनी एक लाकूड टेबलावर टाकलं.

“अलफिया, असाच अजून एक पाय काप.”

तिने पट्टीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. स्टूल आडवं केलं, चारातला फुली मारलेला पाय शोधला आणि त्याच्याशी लाकूड भिडवून रेघ ओढली.

“हा पहिला. दादीच्या पायाखाली धरला होता,” ती म्हणाली.

“पहिल्यावरून बाकीचे,” जब्बारभाई पुटपुटले. “आम्ही कारागीर असंच करतो. पण हिला मी कधी शिकवलं नाही.”

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं त्या पोरीच्या हातात नुसती पट्टीच कोंबत आल्या होत्या.

अलफियाने करवत चालवली तसं लाकूड सरकायला लागलं. ते धरायला मॅडमचा हात पुढे गेला. जब्बारभाईंचाही गेला.

करवत थांबली. अलफियाने आधी दोघांच्या हातांकडे आणि मग तोंडाकडे संशयाने पाहिलं.

“तुम्ही करून टाकाल,” ती म्हणाली, आणि तिने लाकूड आपल्याकडे ओढून घेतलं.